पाहणीच्या दिवशी भरलेलं मैदान

चहा घ्या आधी. मी काय करून ठेवलंय ते ऐकल्यावर घोट घशाखाली उतरायचा नाही. दारात आलेलं कॉलेज स्वतःच्या हातानं हाकलून लावणारा माणूस पाहिलाय कधी? नीट बघून घ्या, समोरच बसलाय.

आमच्या हुडकेश्वरला सरकारी कॉलेज होणार होतं. जागा दोन नजरेत होत्या. एक आमच्या वस्तीमागची, दुसरी पार शहराच्या त्या टोकाला. आमची जागा म्हणजे काय? गाजरगवत, आणि त्यात म्हशी. इतक्या नेमानं हजर असतात, की एकदोघींना एव्हाना पदवी मिळायला हवी होती!

शेजारची कीर्ती यंदा बारावीला. तिच्या मोठ्या बहिणीचं कॉलेज ऑटो बदलता बदलताच सुटलं. बापानं कीर्तीला सांगून टाकलं होतं, "इथं झालं तं शिक. तिकडं दूर नाही धाडत." पोरगी येता-जाता त्या गवताकडे बघायची.

अशात निरोप आला. नियोजन खात्याच्या मॅडम जागा पाहायला येणार, वस्तीशी बोलणार. झालं! माझ्या अंगात आलं. "नुसतं बोलायचं काय? अख्खी वस्ती मैदानात उतरवू! मॅडमले दिसू दे आमचा उत्साह!"

गवत उपटलं. म्हशी हाकलल्या. पाहणीच्या सकाळी एका बाजूला पोरांचं क्रिकेट, दुसऱ्या बाजूला बायकांचा योगा, मधे भजनी मंडळ आणि तर्री-पोह्याचं पातेलं. शेवंताआजीनं तर बाज टाकून त्यावर वाळवण घातलं!

मॅडम गाडीतून उतरल्या आणि थबकल्याच. "इथं रोज एवढी माणसं येतात?"

'नाही' म्हणायचं होतं हो. एवढंच! पण माझी जीभ कधी माझी झालीय? "रोज, मॅडम! आज तर कमीच आहेत. दिवाळीत आत शिरायला रांग लागते!"

"जवळ दुसरं मैदान नाही?"

"छे! आमचा सगळा जीव याच्यातच!"

मॅडम सोबतच्या साहेबांकडे वळल्या. "मग ही जागा घेणं बरोबर नाही. लोकांचं एकुलतं एक मैदान आहे. आपण दुसरीकडंच बांधू."

मी धावत त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो. "मॅडम, खोटं बोललो मी! इथं कोणी येत नाही, म्हशी बसतात!"

मॅडमनी आवाज हळू केला. "काका, घाबरू नका. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

मी आजीकडे धावलो. "आजी, सांग ना वं मॅडमले, तू इथं कधीच येत नाही!"

"काहून सांगू गा? इतके दिवस घरात बसून राहिली. इथं इतकं चांगलं वारं येते हे आज कळलं. मी तं आता रोज येईन!"

योगावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आमच्या बायकोनं!

खोटं मैदान भरवायला गेलो, तर ते खरंच भरलं. आजीला आपल्याच घरामागचं वारं माझ्या थापेमुळं सापडलं, आणि कीर्तीचं कॉलेज त्याच थापेपायी चाललं. आता कुणाच्या बाजूनं बोलायचं?

तेवढ्यात कीर्तीच पुढं आली. "मॅडम, काका फेकून राहिले, साऱ्या वस्तीले माहीत आहे. जागा रिकामीच होती. पण आजीचंही खरं आहे. कॉलेज एका अंगाले बांधा, बाकी मैदान ठेवा. सकाळ-संध्याकाळ फाटक वस्तीसाठी उघडं. आजीले वारं भेटन, मले वर्ग भेटन."

तिचा बाप हातातली पोह्याची प्लेट खाली ठेवून लेकीशेजारी येऊन उभा राहिला.

मॅडम हसल्या. "नकाशा तसा काढून बघते. परत येईन. त्या दिवशी बोलायला वस्तीतलं एक जण हवं."

मी कॉलर सरळ केली. सगळ्यांची बोटं कीर्तीकडं!

"अन् मी?"

"तुलेही काम आहे ना गा," आजी म्हणाली. "मॅडम येतीन तवा तू भिवापूरले जाय, बहिणीच्या घरी."

मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. बायकोनं परवाच पिशवी भरून ठेवली.

मॅडम आज आल्यात तिकडं. आणि मी इथं, ताईच्या ओसरीवर, तुमच्याशी बोलत मिरच्यांचे देठ खुडतोय. डोळ्यांत पाणी आलं म्हणता? अहो, भिवापूरची मिरची आहे ही!