फुंकरबाईंची खोली

आमच्या विभागात त्यांना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे फुंकरबाई म्हणत. हे नाव ठेवलं विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी. सरांची उभी हयात आगीच्या रॉकेटांत गेलेली. चाचणीच्या शेडमध्ये त्यांचं इंजिन पेटलं की पलीकडच्या ग्रंथालयाच्या काचा वाजायच्या. बाईंचं इंजिन मात्र चहाच्या कपाएवढं. त्याला आवाज नाही, धूर नाही. वायूचे कण विजेने भारायचे आणि वेगाने मागे फेकायचे; त्यातून पुढे मिळणारा धक्का तळहातावर ठेवलेल्या दोन कागदांच्या वजनाइतका. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर भर सभेत म्हणाले होते, "अहो, एवढी फुंकर तर मी चहावर मारतो!"

बाई हसल्या. "मारा ना सर. फक्त थांबू नका, वर्षभर मारत राहा. वर अवकाशात अडवायला हवा नाही की घासायला जमीन नाही. कप कुठल्या कुठे जाईल."

मी विभागाच्या कार्यालयात बसणारा, वाणिज्य शाखेचा माणूस. तरी दरमहा थोडं थोडं बाजूला टाकल्याने काय होतं हे मला कळत असल्यामुळे बाईंचं म्हणणं मला तिथेच पटलं. सरांना पटायला बरीच वर्षं लागली.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना प्रयोगशाळा म्हणून तळमजल्यावरचं मोडक्या सामानाचं कोठार मिळालं. अवकाशातली पोकळी जमिनीवर निर्माण करायची तर भक्कम टाकी लागते. एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी पोलादी टाकी मिळवली. ती दारातून जाईना, म्हणून भिंत पाडून आत घेतली आणि भिंत पुन्हा बांधली. त्यामुळे टाकी आता इमारत पाडल्याशिवाय बाहेर निघणार नव्हती. टाकी चालू असताना कुणीतरी जवळ हवं, म्हणून बाईंनी प्रयोगशाळेला लागून असलेली छोटी खोली मागितली. ती मिळायला आणखी काही वर्षं गेली.

एकदा त्यांच्या सासूबाई ते इंजिन बघायला आल्या. जाड काचेतून त्यांना फिकट निळा उजेड दिसला.

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुला घराबाहेर ठेवतं ते हेच?"

"हेच, आई."

"बोलतं का काही?"

"अजिबात नाही."

"मग बरोबर आहे. घरात आम्ही सगळे बोलतो."

असं म्हणाल्या खऱ्या, पण नंतर कितीतरी वेळ त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या.

अडचण एकच होती. टाकीत इंजिन एका झुलत्या तराजूला टांगलेलं असे, आणि दोन कागदांचं वजन मोजणाऱ्या तराजूला सगळंच कळतं. भिंतीपलीकडे लिफ्टचा खड्डा होता. लिफ्ट हलली की पडद्यावरची रेघ नाचायची आणि शांत व्हायला बराच वेळ घ्यायची. तोवर आणखी कुणीतरी वर जायचं. रात्री काम करावं, तर शेजारचे पाण्याचे पंप रात्रीच चालत. एका उपग्रहावर नव्या इंजिनासाठी जागा होती. निवड समितीने बाईंचे निकाल दोनदा परत पाठवले होते. शेरा एकच: आकडा स्थिर नाही. आता शेवटची संधी होती. सलग काही आठवडे दिवसाची रेघ सरळ राहिली तर इंजिन आकाशात जाणार, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. बाईंचं वय पाहता अशी जागा पुन्हा चालून येणं अवघड होतं.

त्यांनी सरांकडे चाचणी संपेपर्यंत लिफ्ट बंद ठेवायची परवानगी मागितली. सरांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली.

"मग माझा गुडघा काय तुमच्या पोकळीत ठेवू?" सर गरजले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "माझी खोली सरांना द्या आणि सरांची मला."

"मॅडम, त्या खोलीसाठी किती झगडलात तुम्ही! आणि दिवसभर जिने चढणार?"

"माझे गुडघे शाबूत आहेत."

सर आधी फुरंगटले. "मला दयेची खोली नको."

"दया कसली सर, निव्वळ स्वार्थ आहे. तुम्ही लिफ्टमध्ये बसलात की माझा आकडा नाचतो."

यावर सरांना हसू आवरलं नाही. त्याच आठवड्यात त्यांची पुस्तकं खाली आली, बाईंची वर गेली आणि लिफ्टच्या दाराला कुलूप लागलं.

मग जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सर त्या खोलीत बसले आणि आपण होऊन प्रयोगशाळेचे राखणदार झाले. त्यांनी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबर बसवायला लावलं. बोळातून कुणी धाडधाड गेलं की दार उघडून ओरडत, "अहो, उंट आहात का? आत इंजिन टांगलंय!" गणित शिकवणारे एक जाडजूड प्राध्यापक तर पुढचं दार सोडून मागच्या दाराने येऊ लागले.

रेघ सरळ आली. पण रोज दुपारी जेवणानंतर तिला एक उंचवटा यायचा. बाईंच्या विद्यार्थ्यांनी पंप तपासले, कॅन्टीनच्या ढकलगाडीवर पाळत ठेवली. काही सापडेना. समितीचा दिवस जवळ आला, तशा बाई जेवणाचा डबा न उघडताच परत नेऊ लागल्या.

सर चिडले. "मीच बसतो इथे. बघतो कोण शहाणा आहे तो."

ते दुपारी पडद्यासमोर ठाण मांडून बसले. रेघ पट्टीने आखल्यासारखी. "घाबरला मला," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना बैठकीला जायचं होतं म्हणून ते जेवणानंतर आपल्या खोलीतच थांबले, आणि उंचवटा हजर. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा पडद्यासमोर बसले. रेघ सरळ.

मी काही कागद घेऊन तिथे गेलो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"सर," बाई जपून म्हणाल्या, "दुपारी खोलीत तुम्ही काय करता?"

"काय करणार? डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मारतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टाच नीट टेकवून."

बाईंनी पडद्यावरचा कालचा उंचवटा त्यांना बोटाने दाखवला.

"म्हणजे तो मीच?"

"तुम्ही नाही सर. गुडघा."

सर असे खदाखदा हसले की पडद्यावरची रेघ पार वरच्या टोकाला जाऊन आली.

त्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या मैदानात सुरू झाल्या. ऊन असलं की छत्री घेऊन जात. समिती आली तेव्हा रेघ इतकी सरळ होती की समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "या इमारतीत माणसं असतात ना?" तिथे निकाल वेगळा सांगायची गरज उरली नाही. अधिकृत होकार नंतर आला. बाईंनी त्या दिवशी घरी फोन केला तो सासूबाईंनाच.

उपग्रह वर गेला तो सरांच्या जातीच्या, आगीच्या रॉकेटावर. तिथून पुढची चढण बाईंच्या फुंकरीची आहे. गेले काही महिने तो रोज थोडा थोडा वर सरकतो आहे. एका दिवसाचं सरकणं बघितलं तर नजरेतही भरत नाही. पण भिंतीवरच्या आलेखात सगळे दिवस एकत्र पाहिले की मान वर करावी लागते.

खोल्या तशाच राहिल्या. आलेख बाईंच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. परवा सकाळी मी वर जात होतो, तर मोठे सर कठडा धरून एकेक पायरी चढत होते.

"सर, लिफ्ट कधीची सुरू झालीये."

"माहीत आहे मला," ते दम घेत म्हणाले. "पण कालपासून बाईंनी नवं इंजिन टांगलंय ना! तुम्हीही जरा हळू चला."