साच्याला मुभा, माणसाला नाही

सेतुराव अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. फोन त्यांच्या बायकोचा, अक्कांचा. त्या मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, गेले रे ते," एवढंच म्हणाल्या... मला रडू आलं नाही. राग आला. महिना उलटला तरी उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. शाळा नववीतच सुटली माझी. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तमिळ मुलखातल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग साच्यातून काढतो. मी उमरग्याहून कंत्राटावर आलो तेव्हा तमिळ सोडाच, मशीनची बटणंही कळत नव्हती. अण्णा तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, माझ्या लाइनवरचे सिनियर. त्यांची मराठी ऐकून आधी हसू यायचं, मग घर आठवायचं. त्यांनी काम शिकवलं, माडीवरची खोली दिली, तापात अक्कांच्या हातचं रसम पाजलं. हे ऋण कुठे फेडू? त्यांचा पहिला धडा असा, की सकाळी मशीन थंड असते, साचा पुरता भरत नाही, सुरुवातीचे तुकडे अर्धवट निघतात. ते बाजूला टाकायचे, चिडायचं नाही. "तिला थोडं चालू दे, तंबी. देईल."

मग अण्णांचेच पाय अडायला लागले. स्टुलावरून उठताना मांड्या साथ देत नसत. दोन-तीनदा जोर केला की उठत, आणि मग जरा वेळ बरे चालत. झालं! फोरमन सगळ्यांसमोर ओरडला, "नडिप्पु!" म्हणजे नाटक. "आत्ता उठता येत नव्हतं, मग चालतो कसा?"

मी म्हणालो, "सर, मशीनचे पहिले तुकडे रोज टाकून देतोच ना आपण?"

"तू तुझं कंत्राट सांभाळ."

पोरं हसली. त्यानंतर अण्णा उठायला लागले की कुणीतरी टाळ्या वाजवायचं... "राहू दे रे," अण्णा म्हणायचे. पण डॉक्टरकडे जायला रजा मागणंच त्यांनी सोडलं. मागितली तर म्हणतील, नाटक वाढलं!

शेवटी अक्कांनी आणि मी ओढूनच नेलं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझी बोटं दाबा. सोडू नका." पकड आधी ढिली, मग घट्ट होत गेली. मला वाटलं, आता ह्याही नाटकच म्हणणार. त्या म्हणाल्या, "ह्या आजारात अगदी असंच होतं." नसेच्या टोकाशी म्हणे रसायनाच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की पुष्कळ पुड्या एकदम फुटतात आणि स्नायू हलतो. अण्णांच्या पहिल्या हुकमाला थोड्याच फुटत. पुन्हा पुन्हा जोर केला की जास्त फुटत, म्हणून घटकाभर ताकद येई.

"ऐकलंस ना, तंबी?" अण्णा म्हणाले. चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा.

बाईंनी छातीचा स्कॅन करायला लावला. फुप्फुसात गाठ, कॅन्सरची. तिच्याशी लढता लढता शरीरानंच चुकून नसांच्या टोकांवरची, पुड्या फोडणारा हुकूम आत घेणारी दारं बंद केली होती. "पाय अडले तेव्हाच आला असतात तर..." बाई म्हणाल्या.

तेव्हाच! तेव्हा आमच्याकडे टाळ्या वाजत होत्या.

गेल्या रविवारी फोरमन फळं घेऊन अक्कांना भेटायला घरी आला. अण्णांच्या खुर्चीत बसला. तिच्या चारही पायांखाली विटा आहेत, त्यामुळे त्याचे पाय लोंबकळले. हसत म्हणाला, "अम्मा, खुर्ची एवढी उंच कशाला?"

अक्कांनी कॉफीचा टंबलर त्याच्या हातात दिला.

"त्यांना उठता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच येत नव्हतं."