चौदाव्या होलमागच्या कबरी

एका थडग्यावर घोड्याचं नाव कोरलंय, दुसऱ्यावर काहीच नाही. जागा हवी असेल, तर तुम्ही कुठलं बुजवाल?

आमच्या केंटकीतल्या गोल्फ क्लबच्या कमिटीला हे ठरवायला फार वेळ लागला नाही.

हा कोर्स पूर्वी शर्यतीच्या घोड्यांचा फार्म होता. जमीन चुनखडीची, त्या गवतावर, पाण्यावर घोड्यांची हाडं मजबूत होतात, असं इथे कुणीही सांगतं. क्लबच्या दारात नामवंत घोडे पुरलेत. रिवाज असा, की डोकं, काळीज आणि खूर तेवढे पुरायचे. फारच मोठा घोडा असेल तर अख्खा. वर कोरीव पाटी, ताजी फुलं.

त्यांचे मोतद्दार चौदाव्या होलमागच्या उतारावर आहेत. काळी माणसं, काही तर गुलाम. प्रत्येकाच्या उशाशी चुनखडीची एक उभी चीप. हे मला कुंपणापलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध काळ्या गृहस्थांनी दाखवलं. एका कललेल्या चिपेवर तळवा ठेवून ते म्हणाले, "हे माझे पणजोबा."

कमिटीला तिथे नवा टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायचा चौथरा, बांधायचा होता. आणि कमिटीवर माझे बाबा होते, तिथले पहिले भारतीय डॉक्टर.

बाबा कॉलेजात असताना गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटायचे. त्यातली पेटीभर त्यांनी इथवर आणली आणि मला मराठी वाचायला शिकवलं ते त्यांवरच. 'ससा'च्या आधी मला 'शोषण' वाचता येत होतं. म्हणून मी त्या आजोबांना बेधडक बाबांकडे नेलं. बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी बोलतो मीटिंगमध्ये."

मीटिंगला आजोबा आणि मी मागच्या खुर्च्यांवर बसलो. अध्यक्ष म्हणाले, वारसा जपलाच पाहिजे, म्हणून त्या चिपा नव्या टीच्या भिंतीत बसवू. मग मतदान घेतलं. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी हात वर केला, ठरावाच्या बाजूने. आजोबांनी टोपी घातली आणि बाबांकडे न बघता निघून गेले.

गाडीत बाबा म्हणाले, "माझ्या एका व्होटनं काय बदललं असतं? कमिटीवर आपला माणूस असणं इम्पॉर्टंट आहे. उद्या आपल्या मराठी मंडळाला कार्यक्रमासाठी क्लबचा हॉल हवा झाला तर?"

"हॉलसाठी?"

"आणि त्या कबरी आहेत याला प्रूफ काय, बाळा? एकावरही नाव नाही."

"तुमच्या पत्रकांवर तरी कुठे नाव असायचं, बाबा?"

त्यांनी इंडिकेटर दिला. त्यानंतर आमच्यात बोलणं होतं ते जेवण आणि हवामान एवढंच.

जमीन गोठलेली आहे, म्हणून काम थांबलंय. वसंतात बुलडोझर येईल. आपल्या मंडळाची गोल्फ स्पर्धा याच कोर्सवर असते. तुम्ही नाव दिलं असेल, तर ते मागे घ्या, आणि का घेतलंत ते क्लबच्या कमिटीला याच आठवड्यात लेखी कळवा.