चौघांचा संघ

"अंग सोड, बे," म्हणत तो दोन्ही हात मनगटापासून ओल्या फडक्यासारखे झटकायचा. उतारावर पळताना भीतीनं अंग आखडलं की माणूस पडतो, असं त्याचं सांगणं. साखर कारखान्याच्या क्रीडा मंडळातून आम्ही चौघं पळायचो. बाकीचे तिघं हंगामी कामगार, मी टाइम ऑफिसात कायम कारकून. त्या तिघांतला तो बॉयलरवर होता, चाळिशीला टेकलेला.

सपाटीवर तुम्ही त्याला पाहिलं असतं तर हसला असता. पाय फेंगडे, मान एका बाजूला. पण उतार लागला की तो पळतोय असं वाटायचंच नाही, रस्ताच त्याच्याखालून मागं सरकतोय असं वाटायचं. सरावाला अनवाणी यायचा. "बूट शर्यतीला ठेवलेत. पायाला काय, कातडं परत येतंय."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. उभा ऊस जनावरांच्या छावणीत चाऱ्याला गेला. यंदा कारखान्याचा बॉयलर पेटणार नाही, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मांजरसुंब्याचा घाट उतरायची सांघिक शर्यत जाहीर झाली. चेअरमनसाहेब म्हणाले, "जिंकून या. तिघांना कायम करायचं बोर्डापुढं मांडतो." शर्यतीची अट एकच होती. चौघंही पोचले तरच संघ धरायचा.

मग आठ दिवस तो मलाच घेऊन घाटात जायचा. "आमच्यात तू कच्चा हायस. तुजी नोकरी पक्की हाय ना, म्हणून जिवाला लई जपतूस." हसत म्हणाला, पण खोटं नव्हतं.

शर्यतीत निम्मा घाट उतरेपर्यंत आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. दोघं थोडे पुढं, तो मुद्दाम माझ्या बरोबरीनं. एका वळणावर माझी नजर दरीत गेली. मी टाच रोवली आणि गुडघ्यावर आपटलो. त्याला थांबायचं होतं, पण पाय थांबेनात. मान मागं माझ्याकडं वळलेली आणि पाय खाली पळतायत, असा तो पुढच्या वळणापर्यंत गेला. तिथून चढ चढत परत आला.

"ऊठ. धर मला."

"पाय टेकत न्हाई रे."

"टेकतोय. अंग सोड."

त्याच्या खांद्यावर भार देऊन मी दहा-बारा पावलं टाकली. मग गुडघा दुमडलाच. इतर क्लबांचे लोक दोन्ही बाजूंनी धडधडत खाली गेले. त्यानं मला कठड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," तो म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

 

दुसऱ्या दिवशी मी लंगडत चेअरमनसाहेबांकडं गेलो. "साहेब, पडलो मी. त्या तिघांची काय चूक?"

ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ऊसच न्हाई, तर बॉयलर कशावर पेटवू? तूच सांग."  जिंकलो असतो तरी काही झालं असतं का, हे मला आजही माहीत नाही.

दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको कर्नाटकात ऊसतोडीला निघाले. मी फाट्यावर गेलो. ट्रकमध्ये भांडी, चुलीचं सरपण, दोन शेळ्या. वरून त्यानं विचारलं, "गुडघा बरा हाय का?"

"बरा हाय," मी म्हणालो. नव्हता.

तिसऱ्या वर्षी कारखाना सुरू झाला. हंगामी लोकांना बोलावणारी पत्रं मीच लिहिली. त्याचं पत्र परत आलं. मी एसटीनं दिंद्रुडजवळच्या त्याच्या गावी गेलो. त्याचा भाऊ म्हणाला, "तिकडंच ऱ्हायलाय त्यो. कुटं, ते आमाला बी नीट ठावं न्हाई. आला की सांगतो."

हजर होण्याची मुदत मी साहेबांना सांगून दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी कागद माझ्याकडंच परत सरकवला. बॉयलरवर माणूस लागत होता.

त्याच्या जागी घाटनांदूरचा एक जण घेतला. तोही गरजू होता, दोन वर्षं घरी बसलेला. नेमणुकीच्या कागदावर सही साहेबांची आहे, अक्षर माझं.