शून्य नंबरची डिस्क

सर्व्हरवाल्या काकांनी आयुष्यात तीनशेच्या वर सर्व्हर उभे केले आणि त्यांतला एकही त्यांच्या घरच्यांनी पाहिलेला नाही. इस्पितळाच्या तळघरात त्यांची खोली. तिथले पंखे दिवसभर इतके घोंगावतात की काकांना घरीही मोठ्याने बोलायची सवय लागली आहे, आणि काकू मुद्दाम हळू बोलून त्याचा सूड घेतात.

काचेच्या भिंतीपलीकडे काकांचे साडू बसतात. त्यांच्या ताब्यात माणसाच्या उंचीचं एक कपाट आहे आणि आत दीडशे डिस्क. इस्पितळातल्या सर्व्हरांना स्वतःची डिस्क नाही. साडू कपाटातल्या जागेचे तुकडे पाडतात आणि कुठल्या सर्व्हरला कुठला तुकडा दिसावा ते ठरवतात. सर्व्हरला तो तुकडा म्हणजे आपल्याच पोटातली डिस्क वाटते. मग काका त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवतात. थोडक्यात, एकाने भिंत दाखवायची, दुसऱ्याने खिळा ठोकायचा.

ही दोन माणसं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण क्षुल्लक होतं, म्हणूनच ते टिकलं. सासुरवाडीला जेवताना साडू सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यांचं काम काय? 'नेक्स्ट' दाबायचं. परत 'नेक्स्ट' दाबायचं. कंटाळा आला की चहा." सगळे हसले. काका म्हणाले, "आणि तुम्ही कपाट राखता. कपाट निदान उपयोगी तरी पडतं." यावर कुणी हसलं नाही. दोघी बहिणी मात्र रोज तासभर फोनवर बोलत राहिल्या, त्यामुळे नवऱ्यांना एकमेकांची खबरबात विनासायास मिळे.

काम फॉर्मवर चाले. फॉर्मात 'डिस्क दाखवणे' असा रकाना होता. 'बाकीच्या लपवणे' असा रकाना नव्हता. ती तोंडी सांगायची गोष्ट. ती टेलिफोनच्या ऑपरेटरबाई सांगत.

"काका म्हणतात, नवी सोडून बाकी सगळं झाका."

"मला शिकवू नका म्हणावं."

"झाकतो म्हणाले," बाई काकांना कळवत. इस्पितळात इतकं चोख भाषांतर दुसरं कुणी करत नसे. मागच्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांना शाल दिली, भाषणं झाली. त्यांच्या कामांच्या यादीत हे काम नव्हतं, त्यामुळे ते कुणाकडेच सोपवलं गेलं नाही.

याच सुमारास साडूंच्या बायकोच्या, म्हणजे काकांच्या मेहुणीच्या, फुफ्फुसावरच्या डागाला तीन वर्षं होत होती. स्कॅन विभागाच्या डॉक्टरबाई दर सहा महिन्यांनी नवं चित्र काढून जुन्या चित्रांशेजारी ठेवत. डाग आहे तेवढाच असेल तोवर हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. पुढची तारीख गुरुवारची. जुनी चित्रं, इतर हजारो लोकांच्या चित्रांसारखीच, कपाटात होती.

सोमवारी सकाळी अकराला काका स्कॅन विभागाचा नवा सर्व्हर उभा करायला बसले. पडद्यावर एक डिस्क दिसायला हवी होती, दोन दिसल्या. आकार सारखाच. एक शून्य नंबरची, दुसरी एक नंबरची. सिस्टीम शून्यावर चढवायची, ही काकांची नोकरीइतकीच जुनी रीत. त्यांनी शून्य निवडली. पडद्याने विचारलं : या डिस्कवर आधीची माहिती आहे, पुसायची?

काका थांबले. काचेपलीकडे साडू केळं सोलत होते. हाताशी फोन होता. "शून्यच ना?" एवढंच विचारायचं होतं. काकांनी रिसीव्हर उचललासुद्धा, कानाला लावला, आतला सूर ऐकला आणि परत ठेवला. दुसऱ्या कामातली डिस्क न पुसता दिली असणार, माणूसच गबाळा, असं त्यांनी ठरवलं. आणि 'नेक्स्ट' दाबलं.

माणूस गबाळा होताच, फक्त दुसऱ्या बाबतीत. नव्या सर्व्हरला वेगळा गट करायचा कंटाळा म्हणून साडूंनी त्याला त्याच विभागाच्या जुन्या सर्व्हरच्या गटात ढकललं होतं. एका गटातल्या सर्व्हरांना एकमेकांच्या डिस्क दिसतात, आणि त्या गटात शून्य नंबर आधीच गेलेला होता, चित्रांच्या डिस्कला. नवी डिस्क एक नंबरची होती.

चार मिनिटांत वरच्या मजल्यावरचे पडदे रिकामे झाले. साडू धावत आले.

"शून्य का घेतलीत?"

"शून्य का दाखवलीत?"

अबोला सुटला तो असा.

नक्कल होती का, हे सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. नकला काढणारं टेपचं यंत्र तीन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, डाग सापडायच्या दोन महिने आधी. नव्या यंत्राचा अर्ज विचाराधीन होता. तो अजूनही आहे. चौकशी समितीने दोघांचं म्हणणं वेगवेगळ्या खोल्यांत ऐकून घेतलं आणि समन्वयाचा अभाव नोंदवला.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी नवं चित्र बराच वेळ पाहिलं. "जुन्या कागदावर सहा मिलिमीटर लिहिलंय. आज मला आठ वाटतंय. पण तेव्हा कुठून कुठवर मोजलं, ते चित्राशिवाय कसं सांगू?"

"मग?" साडूंनी विचारलं.

"मग छाती उघडून तुकडा काढून बघायचा. जुनी चित्रं असती तर कदाचित गरज पडली नसती. कदाचित पडलीही असती."

बाहेर बाकावर मेहुणी मध्ये बसली, हे दोघे दोन टोकांना.

"तुम्हाला एका बाकावर बसवायचं म्हणून ताईने आणि मी काय काय केलं," ती म्हणाली. "एवढं सोपं होतं होय!"

कुणी हसलं नाही, तीही नाही. साडू भरतीचा कागद घेऊन उठले.

"दुसरा मजला, डावीकडे," काका म्हणाले.

"माहीत आहे," साडू म्हणाले आणि जिन्याकडे गेले.

ते दिसेनासे झाल्यावर तिने विचारलं, "भावोजी, खरं सांगा. वाढला नसेल ना?"

काकांनी नुसतं 'नाही' म्हणावं, एवढ्यासाठीच ती त्यांच्याकडे बघत होती.

"सांगता येणार नाही," काका म्हणाले.