हंबर पुलमन, मुक्काम तुमसर

सकाळचे अकरा. तुमसर, राइस मिलसमोरची चहाटपरी. आम्ही तीन-चार जुने वार्ताहर जमलो की राजकारण दोन घोटांत संपतं आणि मिलमालक विनायकशेठच्या हंबर पुलमन गाडीचे किस्से निघतात. मिलमागे भुसा साचावा तसे साचलेत!

ही विलायती गाडी मूळची मँगनीज खाणीच्या गोऱ्या मॅनेजरची. स्वातंत्र्यानंतर तो मायदेशी निघाला, तेव्हा शेठच्या वडिलांनी ती घेतली. पण किल्ली साहेबाच्या कोटात, आणि कोट बोटीवर! किल्ली टपालाने परत येईपर्यंत अख्खा तालुका गाडी जागेवरच पाहून गेला. वडील म्हणायचे, "चालत नाही त काय झालं? उभी त आपल्या दारात हाय ना!"

*

ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामध्ये जाड काच. एकदा शेठला वरठी स्टेशनवर उतरायचं होतं. मागून ओरडताहेत, काच ठोकताहेत, आणि गाडी थांबली थेट भंडाऱ्यात. ट्रेन गेली. ड्रायव्हर सुकराम शांतपणे म्हणाला, "मले वाटलं, मालक गाना म्हणून राहिले!"

*

गावातली कुठलीही मुलगी असो, पाठवणी हंबरमधूनच. भाडं नाही, जात विचारणं नाही. पवनीहून गावात आलेल्या एका विणकराची लेक तर अडूनच बसली, "नवरदेव थांबन. हंबर येऊ द्या!"

माझी बहीण त्याच गाडीतून सासरी गेली. आजही म्हणते, "त्या दिवसाचं सासर आठवत नाही रे. सीटचा वास आठवते."

*

शेठची आता एकच इच्छा उरली होती. नात रेवती त्याच गाडीतून सासरी जावी. लग्न ठरलं आणि नेमकी निवडणूक लागली. गाडी ड्यूटीसाठी ताब्यात घ्यायचा हुकूम आला!

"साहेब, ही तुमच्या आजोबाच्या वयाची हाय," शेठ निवडणूक अधिकाऱ्याला म्हणाले.

"नोंदीत सात सीट आहेत. वय जास्त म्हणजे अनुभवी. पाठवा!"

सुकरामने ती स्वतः चालवत सरकारी आवारात नेऊन लावली.

*

निकाल लागला, सगळ्या जीपा सुटल्या, हंबर आतच. मी त्याच अधिकाऱ्याशी फोनवर भांडलो, "अहो, पोरीचं लग्न आहे!"

"मग दुसरी गाडी करा ना."

पाठवणीच्या सकाळी ती ट्रॅक्टरमागे दोराने ओढत आणली. "बॅटरी उतरली असेल," सोबतचा शिपाई म्हणाला.

सुकरामने बॉनेट उचललं आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "शेठ, इकडं नका येऊ."

आत इंजिन नव्हतं.

रेवतीच पुढे झाली, दार उघडून शालूसकट मागच्या सीटवर जाऊन बसली. "ढकला," म्हणाली.

ज्यांच्या लेकी-बहिणी त्या गाडीतून गेल्या, ते सगळे लागले. नाक्यापर्यंत कुणी हात काढला नाही.

त्या सरकारी आवाराला एकच फाटक आहे. फाटकावर बंदूकधारी पहारा होता. आणि ते इंजिन क्रेनशिवाय उचलता येत नाही.