कापसाच्या खोलीतला बेंजो

माझा स्टुडिओ वर्षातून थोडेच दिवस उघडा असतो. वेचलेला कापूस घरात येतो आणि भाव बरा होईपर्यंत मागच्या खोलीत पडून राहतो, तेवढेच दिवस. भिंतींकडेचा कापूस छताला टेकला की त्या खोलीत टाळी वाजवली तरी नुसतं 'टप' होतं, आवाज घुमतच नाही. गिटार रेकॉर्ड करायला याहून चांगली जागा अख्ख्या शेवगाव तालुक्यात नाही, पैजेवर सांगतो. अंगाला खाज सुटते, तेवढं सोडा.

धंदा माझा मोटारी भरायचा. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की आतली तार काढून नवी गुंडाळायची. गिटार ही हौस. लॅपटॉपवर ड्रम लावायचे, त्यावर बेस, त्यावर फाटक्या आवाजाची गिटार. गाणारा कुणी नाही, शब्द नाहीत, नुसतं रॉक. तयार झालं की इंटरनेटवर टाकायचं. तिथं कुठल्या कुठल्या देशातले माझ्यासारखेच दोन-चार हौशी ऐकतात, लाईक करतात. घरच्या ग्रुपवर टाकलं की मात्र ठरलेला प्रश्न येतो, "गाणं कधी सुरू होतं?" अरे बाबांनो, हेच गाणं आहे! किती वेळा सांगू? माझं डोकं लवकर तापतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दामच विचारत असणार.

हा प्रश्न कधीही न विचारणारा घरात एकच माणूस, माझे चुलते.

काका लग्नाच्या मिरवणुकीत बेंजो वाजवायचे. गळ्यात अडकवलेली लांबट पेटी, एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या, आणि आवाज पुढच्या गाडीवरच्या कर्ण्यातून. काय वाजवायचे म्हणून सांगू! लहानपणी मी कुठल्याच वरातीत नवरदेवाचं तोंड बघितलं नाही, काकांची बोटंच बघितली. ते स्वतः मात्र बोटांकडे बघत नसत. त्यांची नजर खाली, नाचणाऱ्यांच्या पायांवर. "पायच सांगत्यात पुढं काय घ्यायचं ते," म्हणायचे. दमलेली वरात ते अशी पुन्हा उठवायचे की म्हातारी माणसंसुद्धा धोतर खोचून आत शिरायची. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही कधीच कसं नाचत नाही?" तर म्हणाले, "वाजवनाऱ्याला कुठं सोय हाय नाचायची?"

पुढे डीजे आले, काकांची वाजवणाऱ्यांची पार्टी मोडली आणि बेंजो माळ्यावर गेला.

मागच्या हंगामात काका माझ्या दुकानात आले ते पोत्यात बेंजो घेऊन. तारांचा आवाज पकडणारी त्याची आतली कॉईल गेली होती. "मोटारी भरतूस तशी ही भरून दे. इकून टाकायचा हाय."

विकायचा? पण त्यांच्यापुढे माझा आवाज चढत नाही. केसाएवढी बारीक तार घेऊन ती कॉईल भरली आणि तपासायला म्हणून बेंजो कापसाच्या खोलीत नेऊन लॅपटॉपला जोडला. काकांनी तार छेडली, आणि दचकले.

"हे फाटल्यालं का वाजतंय?"

"मुद्दाम फाडलंय काका. रॉकमध्ये असंच असतं."

"ह्याला पैसं पडलं तुला? आमचा कर्णा तर फुकटच फाटायचा." आणि खो खो हसले.

मग तारा बघता बघता त्यांनी एक सूर धरला. मी ओळखला! वरातीत एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे ते हा तुकडा वाजवायचे. मला वाटायचं, असेल कुठल्या तरी जुन्या पिक्चरमधला. म्हटलं, "पुढचं वाजवा की." त्यांनी हात काढून घेतला.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, तो तुकडा त्यांचा स्वतःचा होता. तुकडा कसला, पूर्ण चाल होती. जवानीत एका वरातीत हिय्या करून त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. नाच थांबला. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि कुणीतरी ओरडलं, "गानं लाव की रं!" त्यानंतर पुन्हा नाही. "वळखीचं नसंल तर मानसाचा पाय उचलत न्हाई," काका म्हणाले. उभा जन्म लोकांच्या चाली वाजवल्या आणि आपली एकुलती एक चाल दोन गाण्यांच्या फटीत लपवून ठेवली या माणसाने. मला फार वाईट वाटलं. आणि ओरडणाऱ्या त्या माणसाचा असा राग आला की समोर असता तर कॉलर धरली असती.

"रेकॉर्ड करू," मी म्हणालो. ते नाही म्हणाले. रोज म्हणालो, रोज नाही. शेवटी एका सकाळी वडिलांनी सांगितलं की व्यापाऱ्याचा टेम्पो आज दुपारी येतोय, कापूस द्यायचाय. मी तसाच काकांकडे पळालो. "आज नाही तर पुढच्या वर्षी. कापूस गेला की ती खोली रिकाम्या डब्यासारखी वाजते. आणि तोवर तुम्ही बेंजो विकलेला असेल."

आले बाबा! कापसावर बसले. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, तालाची टिकटिक सुरू केली. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "ही टिकटिक कशाला? कुनाचं तरी पाय पायजेत मला."

आता त्या खोलीत पाय कुणाचे होते? माझेच. मग काय, नाचलो. चप्पल काढून, आवाज होऊ नये म्हणून कापसातच. गुडघ्यापर्यंत रुतत होतो, घामाला कापूस चिकटत होता, आणि काका माझ्या पायांकडे बघत वाजवत होते. मी दमलो की ते चाल सैल सोडायचे, सावरलो की ओढून धरायचे. इतकं सुंदर वाजवणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शेवटचा सूर थांबला तेव्हा वडील दारात उभे होते. त्यांच्यामागे टेम्पोचा हॉर्न चालू होता. "झालं का तुमचं येड?" म्हणाले.

ड्रम आणि गिटार मी नंतर त्यांच्या वाजवण्यावर बेतून घातली. काकांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. "ब्येस झालंय. पन नाचनार कोन ह्याच्यावर?" बेंजो तेवढा विकला नाही.

मी त्या तुकड्याचं नाव 'कापूस' ठेवून तो सगळीकडे टाकला. घरच्या ग्रुपवर पहिलाच प्रश्न आला, "गाणं कधी सुरू होतं?" या वेळी मी मोबाईल फेकायचाच बाकी ठेवला. काकांनीही तो मेसेज वाचलेला मला दिसला. शेजारच्या मोबाईल दुकानदाराला मात्र आवडला. गिऱ्हाइकांच्या मेमरी कार्डात गाणी भरताना तो हाही भरून द्यायचा.

यंदा पुणतांब्याला बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. काकांना सोबत नेलं. डीजे नव्हता, नदीपलीकडची एक बेंजो पार्टी सांगितलेली. काका कडेला उभे राहून कौतुकाने ऐकत होते. तीन-चार गाणी झाली आणि बेंजोवाल्याने पुढची चाल धरली. मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. आमचा 'कापूस'! थोडा जलद, एक सूर चुकीचा, पण तोच. आणि पोरं-बायका सगळी मन लावून नाचत होती. आमच्याकडची माणसं ऊस तोडायला तिकडे जातात, त्यांच्याच मोबाईलमधून पोचला असणार.

चाल संपल्यावर मी घुसलो. "काय हो, हे कुठलं वाजवलंत?"

"हे व्हय? लई जुनं हाय, पाव्हनं," बेंजोवाला ऐटीत म्हणाला. "आमच्यात पयल्यापासून वाजवत्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पयल्यापासून? तोंड उघडलंच होतं, तर काकांनी मागून माझं मनगट दाबलं.

"व्हय, जुनंच हाय ते," ते म्हणाले. "पुन्ना एकदा घ्या की."

त्याने पुन्हा धरलं. काकांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि गर्दीत शिरले. ज्या माणसाने अख्खा तालुका नाचवला, त्याला स्वतःला नाचता येत नव्हतं. हात वर, डावा पाय भलतीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. बेंजोवाला हसत हसत त्यांच्या पायांकडे बघून वाजवत होता.